पेट्रोलच्या तक्त्यात किलोमीटर कुठे आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशोदेशीच्या पेट्रोलदरांचा तक्ता अधूनमधून छापून येतो आणि आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावरून जुंपते. सगळे दर रुपयांत, लिटरमागे. अमेरिका स्वस्त, जर्मनी महाग, आपण मध्ये कुठेतरी. पतसंस्थेत हिशेब तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे असा अर्धवट ताळेबंद मला बघवत नाही. माणसाला रोज किती लिटर लागतं आणि त्यात पगाराचा किती भाग जातो, हे रकाने कुठे आहेत?

माझी मुलगी टेक्सासमध्ये अर्लिंग्टनला असते. शहराची वस्ती चार लाखांच्या घरात, पण ठरलेल्या मार्गांवर धावणारी शहर बस नाही. लोकांनीच ती मतदानात एकदा नव्हे, अनेकदा नाकारली म्हणे! तिचं ऑफिस 30 मैलांवर, म्हणजे जाऊन-येऊन 96 किलोमीटर. गाडी लिटरला बारा देते, म्हणजे रोज आठ लिटर. गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, तीन डॉलर धरले तर दिवसाला साडेसहा डॉलरच्या आत. तिथल्या केंद्र सरकारने पेट्रोलवरचा गॅलनमागे 18.4 सेंटचा कर 1993 नंतर वाढवलेलाच नाही. स्वस्ताई खरी, पण दूध आणायलाही गाडीच काढावी लागते.

आता आमचं बांदा. इथली पोरं गोव्यातल्या कारखान्यांत कामाला. म्हापशाकडे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, मोटरसायकलवर, पावसाळ्यातसुद्धा. पेट्रोल पत्रादेवीचा हद्दीवरचा नाका ओलांडून गोव्यात भरायचं, कारण तिकडे व्हॅट कमी. (2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी तो 0.1 टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे अकराएक रुपये उतरले होते. ‘टाकी फुल करून इलंय’ हे तेव्हा इथे कौतुकाने सांगायची गोष्ट होती.) गाडीने लिटरला पन्नास दिले तरी महिन्याला बत्तीसेक लिटर, म्हणजे गोव्याच्या दरानेही तीन हजारांच्या वर. पगार पंधरा-सोळा हजार. पाचवा हिस्सा रस्त्यातच जातो. माझ्या मुलीला पेट्रोलचा खर्च महिन्याच्या हिशेबात शोधावा लागतो.

जर्मनीत लिटरमागे 65 सेंट इंधनकर आहे, शिवाय 19 टक्के व्हॅट. पण मे 2023 मध्ये तिथे 49 युरोंचा मासिक पास निघाला, त्यावर देशभरच्या बस, ट्राम आणि जवळच्या पल्ल्याच्या रेल्वेगाड्या चालतात. पुढे तो महागला, तरी आहे. पेट्रोल परवडेना तर गाडी घरी ठेवता येते. आमच्या पोराची दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा बांद्याकडे यायला काहीच नसतं. त्याने गाडी ठेवायची कुठे आणि यायचं कसं?

तेव्हा पुढचा तक्ता छापताना दोन रकाने वाढवावेत: रोजचे किलोमीटर आणि पगारातला वाटा. पहिल्यासाठी फार हिंडायला नको; सकाळी साडेसहाला वार्ताहराला पत्रादेवीच्या नाक्यावर उभं करा आणि पाळीवर निघालेल्यांना विचारू द्या.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, बांदा (जि. सिंधुदुर्ग)