‘लेखन सुधारले’ म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

महाविद्यालयात आपले लेखन कसे सुधारले, याविषयीची विद्यार्थ्यांची मनोगते आपल्या पुरवणीत वाचली. मुलांनी मनापासून लिहिले आहे, याबद्दल शंका नाही. तरी एक गोष्ट खटकली. ‘आत्मविश्वास वाढला’, ‘शब्दसंपत्ती वाढली’, ‘विचार मुद्देसूद मांडता येऊ लागले’ असे जवळपास प्रत्येकाने म्हटले आहे. पण आपले एखादे जुने वाक्य काढून ‘हे बघा, आधी असे लिहीत होतो’ असे एकानेही दाखवलेले नाही. मुद्देसूद लिहायला शिकलो हे सांगणारा परिच्छेदच गोलमाल असावा, याला काय म्हणावे?

दोष मुलांचा नाही. मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना लेखन शिकवले. सत्र संपताना ‘माझ्या लेखनात झालेला बदल’ या विषयावर पानभर टिपण लिहून घ्यायची पद्धत आमच्याकडेही होती. या टिपणाला गुण असत आणि तिथेच सगळे बिघडे. ज्याला गुण आहेत त्यात ‘मला काही फारसा फरक जाणवला नाही’ असे कोण लिहील? मॅडमना काय ऐकायला आवडेल, हे मुलांना आपल्याआधी कळलेले असते. ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे’ हे शब्द पहिल्या दोन-तीन ओळींत आले नाहीत, तर मला चुकल्यासारखे व्हायचे!

त्या गठ्ठ्यातले एक टिपण मात्र लक्षात राहिले. त्या मुलीने आपल्या निबंधाचा पहिला खर्डा आणि शेवटची प्रत, दोन्ही टाचणी लावून जोडले होते. विषय नेहमीचाच, मोबाइल आणि अभ्यास. पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी: ‘आजच्या आधुनिक युगात मोबाइलचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.’ शेवटच्या प्रतीत त्या जागी हे आले: ‘मोबाइल शेजारी असला की एक धडा वाचायला मला दुप्पट वेळ लागतो, तो दुसऱ्या खोलीत ठेवला तर मी वाचायलाच बसत नाही.’ खाली तिने लिहिले होते की पहिले वाक्य मी लिहिलेच नव्हते, ते आपोआप आले होते. दुसरे लिहिल्यावर फायदे-तोट्यांचे पुढचे दोन परिच्छेद निरुपयोगी झाले, म्हणून काढून टाकले. ते काढताना जिवावर आले, कारण शब्दसंख्या कमी पडत होती.

‘मार्गदर्शन’ हा शब्द त्या टिपणात नव्हता, आत्मविश्वासही नव्हता. पण ही मुलगी काय शिकली हे मला त्या चार ओळींत समजले. नवे वाक्य खरे निघाले, तर त्याच्या पुढचे लिखाण पाडावे लागते, हे तिला कळले होते. अनेकांना हे नोकरीला लागून वर्षे झाली तरी कळत नाही. कार्यालयातली परिपत्रके वाचून पाहावीत.

पुनर्लेखनाबाबत विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्यात नेमका हाच फरक पडतो, हे अमेरिकेतील अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली मांडले. त्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे २० विद्यार्थी आणि २० अनुभवी प्रौढ लेखक घेतले. प्रत्येकाकडून तीन-तीन निबंध लिहून घेतले आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहायला लावला. विद्यार्थ्यांच्या लेखी सुधारणे म्हणजे शब्द बदलणे: हा शब्द दोनदा आलाय, त्याला दुसरा शोध, हे वाक्य लांबलेय, तोड. अनुभवी लेखक आधी आपल्या म्हणण्याला आकार शोधत होते आणि त्यासाठी मोठमोठे तुकडे हलवत, काढत, घालत होते. आपल्या पुरवणीतील ‘शब्दसंपत्ती वाढली’ वाचताना मला हा अभ्यास आठवला. शब्द वाढले, चांगलेच झाले. पण ती या प्रवासाची पहिली पायरी आहे आणि मुले तिलाच गच्ची समजत आहेत.

दुसरे म्हणजे, सुधारणा नेहमी सुधारणेसारखी दिसत नाही. छोटी, सरळ वाक्ये बिनचूक लिहिणारा मुलगा दुसऱ्या वर्षात ‘जरी... तरी’, ‘एकीकडे... दुसरीकडे’ असे काही बांधू लागला, की त्याचे वाक्य मध्येच कोसळते, कर्ता एक आणि क्रियापद भलत्याचेच होते. तपासणाऱ्याला लाल शाईच लाल शाई दिसते. पण तो घसरलेला नसतो. आधी ज्या विचाराच्या वाटेला तो जात नव्हता, त्याला आता भिडलेला असतो. मिना शॉनेसी या न्यूयॉर्कमधील अध्यापिकेने नव्या विद्यार्थ्यांना कोणत्या लेखनवर्गात बसवायचे हे ठरवणाऱ्या चाचणीतले सुमारे ४,००० निबंध अभ्यासून १९७७ साली दाखवून दिले, की नवशिक्यांच्या चुका अंदाधुंद नसतात, त्यांनाही तर्क असतो. हे ध्यानात न घेता केवळ चुका मोजणाऱ्या शिक्षकाकडून मूल एकच धडा घेते: धोका पत्करू नका, छोटे लिहा, गुळगुळीत लिहा. असल्या मुलाने ‘माझे लेखन बिघडले’ असे प्रामाणिकपणे लिहिले तर त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. पण तसे तो लिहीत नाही.

मग विद्यार्थ्याचे स्वतःविषयीचे मत कुचकामी समजायचे का? मुळीच नाही. हार्वर्डमध्ये १९९७पासून एकाच वर्षी दाखल झालेल्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांचे लेखन पुढे चार वर्षे अभ्यासले गेले. त्यातल्या पहिल्या वर्षाविषयी सॉमर्स आणि लॉरा सॉल्ट्झ यांचा २००४ सालचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. आपण इथे नवखे आहोत हे जी मुले मान्य करतात आणि लिहिण्यातून गुणांपलीकडे काही मिळवायचे आहे असे ज्यांना वाटते, ती सर्वाधिक पुढे जातात. बदल कागदावर दिसण्याआधी लिहिणाऱ्याच्या आत घडतो. म्हणजे मुलांना स्वतःकडे बघायला लावणे योग्यच आहे. फक्त त्यांच्याकडून प्रशस्तिपत्रक घेऊ नये.

याला आता एक नवे कारण जोडले गेले आहे. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि स्वच्छ, सफाईदार परिच्छेद मिळवायला कष्ट लागेनासे झाले. शेवटच्या प्रतीवरून मूल काय शिकले हे ओळखणे आधीच अवघड होते, आता जवळपास अशक्य झाले आहे. काही सहकाऱ्यांना वाटते की निदान मनोगत तरी मूल स्वतः लिहील. वाटू दे बापडे! ‘माझे लेखनकौशल्य कसे विकसित झाले’ यावर यंत्र जितके भरभरून लिहील तितके कुणी लिहिणार नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातले अमुक वाक्य मी का काढले’ हे सांगायचे, तर आधी ते वाक्य असावे लागते आणि ते काढताना काही वाटलेले असावे लागते. खर्डे तारखांसह जपून ठेवायला लावले आणि त्यातल्या एकाच बदलाविषयी वर्गात समोरासमोर पाच मिनिटे बोलायला लावले, तर नक्कल करणे बरेच कठीण होते. निदान आळशी मुलाला तरी ती महाग पडते.

आणखी एक. हे टिपण सत्र संपताना का मागायचे? त्या वेळी मुलांच्या डोक्यात परीक्षा असते आणि निबंध अजून ताजा असतो, त्यामुळे त्यातले दोष त्यांना दिसतच नाहीत. पुढच्या सत्राच्या मध्यावर जुना निबंध हातात देऊन विचारावे, ‘आज लिहिलास तर काय ठेवशील?’ मी हे करून पाहिले आहे. पहिल्या परिच्छेदाला बहुतेक जण हात लावतात. शीर्षकाला कुणीच लावत नाही, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

शेवटी शिक्षकांविषयी, कारण मनोगतांत त्यांचे आभार भरपूर आहेत आणि त्यांच्या शेऱ्यांचा उल्लेख एकदाही नाही. ‘छान’, ‘विस्तार हवा’, ‘भाषा सुधारा’ असे शेरे मारल्यावर मुलांनी नेमकेपणा दाखवावा, ही अपेक्षा तरी कशी करायची? ‘इथे तू कारण सांगायला सुरुवात केलीस आणि उदाहरण देऊन पळ काढलास’ असा शेरा मिळाला, तर मूल चिडेल, पण त्या ओळीकडे परत जाईल. एवढे लिहायला वेळ कुठे आहे, वर्ग केवढे मोठे, असे सहकारी म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. म्हणून प्रत्येक निबंधावर असे लिहू नये. सत्रातला एकच निबंध निवडावा, त्याच्या पहिल्या खर्ड्यावर गुण न देता फक्त शेरे द्यावेत आणि त्याचाच पुढचा खर्डा मागून घ्यावा. बाकीचे नुसते वाचून परत केले तरी चालतील.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका