चालते कवा, हे विचारणाऱ्या भाऊंना

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनचं काम झालं त्या दिवशी तुम्ही ३०० रुपये घेतलेत, अर्धा कप चहा घेतलात आणि "येतो ताई" म्हणून गाडीला किक मारलीत. आभार मानायचे राहूनच गेले. समोर बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आमच्यासारखी ऑफिसं गावोगाव आहेत, कुठंतरी हेच दुखणं असेल.

लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. जूनपासून खिडकीवर झुंबड असते. बोनाफाईड, टीसी, स्कॉलरशिपचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म. सहा कॉम्प्युटर आणि सहाही जणांच्या प्रिंटा एकाच मोठ्या झेरॉक्स मशीनवर. जुलैपासून ते मशीन अधूनमधून गायब व्हायला लागलं. काचेवर कागद ठेवला तर झेरॉक्स निघायची, कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली की 'ऑफलाईन'. मग कधी वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी आपोआप सुरू. सर्व्हिसवाला तीनदा आला आणि तिन्ही वेळा तो समोर असताना मशीन व्यवस्थित चाललं. त्यानं केबल बदलली, कॉम्प्युटरमधला प्रिंटचा प्रोग्रॅम (ड्रायव्हर) नव्यानं टाकला, शेवटी नेटवर्क कार्ड बदलावं लागेल म्हणून सांगून गेला.

त्याच दिवसांत तांड्यावरची एक मुलगी एसटीच्या पाससाठी बोनाफाईड न्यायला आली होती. पहिले दोन दिवस मी तिला "उद्या ये" म्हणाले. तिसऱ्या दिवशी साडेचारची गाडी लागलेली, तिनं खिडकीतूनच विचारलं, "मॅडम, हातानं लिहून देता का?" मी लिहून दिलं. पास नव्हता म्हणून तिन्ही दिवस ती पूर्ण तिकीट काढून येत होती, हे मला शिक्का मारताना कळलं. ते अजून मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडजवळच्या तुमच्या दुकानात आले. तुम्ही ऑफिसात आलात, पण मशीनला हात लावला नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "ताई, बंद कवा पडते ते सगळ्यांनी विचारलं असंल. चालते कवा, ते सांगा." आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. तुम्ही चिडला नाहीत. टेबलावरची कोरी वही घेऊन रेघा मारून दिल्यात : तारीख, वेळ, कुठला कॉम्प्युटर, परत कधी सुरू झालं. "आठ दिवस लिहा, मग बघू."

आम्ही लिहिलं. सकाळच्या नोंदी जवळजवळ नाहीत. बहुतेक सगळ्या दुपारी दोननंतरच्या, आणि बंद पडलं की सहाही कॉम्प्युटरला एकदमच. तुम्ही दोनवर बोट ठेवून विचारलंत, "त्याच्या आधी काय असतं?" जेवणाची सुट्टी. तासभर कुणी प्रिंट देत नाही, मशीनचा स्क्रीन काळा होतो, मशीन झोपतं.

१७ सप्टेंबरला तुम्ही मुद्दाम आलात. मुक्तिसंग्राम दिन म्हणजे आपल्या मराठवाड्यात सुट्टी. निजामाच्या राजवटीतून आपण १९४८ साली सुटलो, देशाच्या मागून १३ महिन्यांनी. माझे आजोबा त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, म्हणून मी झेंडावंदन चुकवत नाही. ते झाल्यावर रिकाम्या ऑफिसात तुम्ही मशीनला तासभर झोपू दिलंत आणि मग प्रिंट दिलीत. निघाली. परत झोपू दिलंत, परत निघाली. "आज हितं काय नाही?" तुम्ही स्वतःशीच म्हणालात. माणसं नव्हती. माणसं नाहीत म्हणजे त्यांचे मोबाईलही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन अडलं. मी फोन केला, तर "काही बंद-चालू करू नका" म्हणत दहा मिनिटांत हजर. मशीनच्या पॅनलवरून तुम्ही त्याच्या सेटिंगचा कागद काढलात आणि माझ्या कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत 'एआरपी'ची कमांड दिलीत, म्हणजे नेटवर्कवरचा कुठला नंबर कुठल्या यंत्राकडे आहे ते दाखवणारी. मशीनचा नेटवर्कवरचा नंबर १९२.१६८.१.४०, थोडक्यात ४०. स्क्रीनवर त्या नंबरासमोर आलेला, प्रत्येक यंत्राचा वेगळा असणारा बारा अक्षरांचा पत्ता आणि कागदावरचा पत्ता तुम्ही पेन्सिलीनं अक्षर-अक्षर जुळवून दाखवलात. जुळला नाही. नंबर मशीनचा, बसलेलं दुसरंच कुणीतरी.

मशीन बसवताना तो ४० नंबर हातानं दिलेला होता आणि वायफायच्या राऊटरला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तो येणाऱ्या मोबाईलला रिकामा दिसेल तो नंबर देत होता. झोपलेलं मशीन हाकेला ओ देत नव्हतं, मग ४० रिकामाच दिसायचा. ज्याला तो मिळाला तो माणूस वायफायच्या बाहेर गेला की मशीन परत आपल्या जागी.

सगळ्यांना मोबाईलमधला वायफायचा नंबर बघायला लावलात. ४० माझ्या मोबाईलवर निघाला. माझा चेहरा पाहून तुम्ही लगेच म्हणालात, "ताई, तुमची काय चूक? काल दुसऱ्याला असंल. नंबर राऊटर देतोय." सगळ्या स्टाफसमोर तुम्ही मला सांभाळून घेतलंत. भाऊ, पत्र लिहायला बसले ती खरं तर या एका वाक्यासाठी.

मग राऊटरमध्ये मोबाईलसाठी १०० ते २०० एवढेच नंबर ठेवलेत आणि ४० मशीनपुरता सोडलात. काम दहा मिनिटांचं. नेटवर्क कार्डाचा खर्च वाचला. मशीनच्या कडेला तुम्ही चिकटपट्टीवर लिहिलेला नंबर अजून तसाच आहे, नवीन कुणी आलं की मी आधी तो दाखवते.

त्या मुलीला मी छापील बोनाफाईड बोलावून दिलं. वही मशीनशेजारी खिळ्याला टांगलीय. शेवटची नोंद १८ सप्टेंबर, दुपारी २.२०. त्याखाली अजून काही लिहावं लागलेलं नाही.

तुमची,
कॉलेज ऑफिसातली ताई