आईची लस आणि बाबांचे प्रश्न

पुणे, २० मे २०२१

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी वादळ आपल्या किनाऱ्यावरून पुढे सरकलं, तेव्हापासून तुमचा फोन लागत नाहीये. काल आंब्याची गाडी घेऊन आलेले ड्रायव्हरदादा म्हणाले, पडवीची कौलं उडाली पण म्हातारा-म्हातारी ठणठणीत आहेत. तेव्हा कुठे जिवात जीव आला. कलमांचं काय झालं ते विचारायचा धीर झाला नाही. तीच गाडी आज रात्री परत निघतेय. तिच्याबरोबर ऑक्सिमीटर, आईच्या साखरेच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, पॅरासिटामॉल आणि हे पत्र पाठवतेय. फोनवर हा विषय निघाला की बाबा चिडतात आणि आई रडते. लिहिलेलं शांतपणे वाचून होईल.

आई, आधी तुझ्याशी बोलते. वरच्या वाडीतले काका लस घेतल्यावर चार दिवसांनी तापानं पडले आणि गेले. तेव्हापासून तू केंद्रावर जायला तयार नाहीस. तुझी भीती मी उडवून लावणार नाही. डोळ्यांदेखत माणूस गेल्यावर कोणीही घाबरेल. पण कोव्हिशील्डमध्ये कोरोनाचा विषाणू नसतोच. चिंपांझींना सर्दी आणणारा एक विषाणू घेऊन त्याची वाढायची शक्ती काढून टाकलेली असते. कोरोनाच्या अंगावरचा काटा कसा बनवायचा एवढाच निरोप त्याच्याबरोबर आपल्या पेशींना पोहोचतो. त्यानं कोरोना होऊच शकत नाही. आणि संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. उलट कोरोनाची लागण झाल्यापासून ताप यायला साधारण पाच दिवस जातात, कधी जास्तही. काकांना लागण आधीच झालेली असावी, नाहीतर त्या रांगेतच झाली असावी, असं मला वाटतं. त्या दिवशी केंद्रावर केवढी गर्दी होती, ते तूच सांगितलं होतंस.

म्हणून गर्दीला मात्र जरूर भी. आशाताईंना सांगून ठेव, लशी आल्या आणि रांग ओसरली की त्या निरोप देतील. आधार कार्ड ने, दोन मास्क लाव, आणि टोचून झाल्यावर अर्धा तास आत कोंदट जागी बसण्यापेक्षा बाहेर फणसाखाली बस, पण नर्सताईंच्या नजरेसमोर. रात्री थंडी वाजेल, अंग मोडून येईल. मलाही जानेवारीत पहिल्या डोसनंतर ताप आला होता, दुसऱ्या दिवशी उतरला. मधुमेह आहे म्हणून लस नको, असं तुला कोणी सांगितलं ते मला कळायला हवं. मधुमेह आहे म्हणूनच तू आधी घ्यायला हवीस. आमच्या हॉस्पिटलात ज्यांचा आजार बळावतो त्यांत साखरेचे पेशंट किती असतात, ते मी औषधाच्या खिडकीतून रोज बघते.

बाबा, आता तुमचे प्रश्न. तुमचा पहिला डोस मार्चअखेरीस झाला. तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी दुसरा म्हणाले, आणि आता १३ मेला सरकारनं ते बारा ते सोळा आठवडे केलं. लशी कमी पडल्या म्हणून ही पळवाट काढली, असं तुमचं म्हणणं. टंचाई आहे, हे खरंच आहे. गेल्या आठवड्यात आपल्या राज्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचं लसीकरण थांबवून तो साठा दुसऱ्या डोसवाल्यांकडे वळवावा लागला. पण अंतर वाढवण्यामागे अभ्यासही आहे. कोव्हिशील्ड म्हणजे ऑक्सफर्डचीच लस. तिच्या चाचण्यांचे आकडे फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत लशीचा परिणाम ५५ टक्के दिसला, बारा आठवडे किंवा त्याहून जास्त थांबलेल्यांत ८१ टक्के. म्हणजे तुमचं नुकसान झालेलं नाही. जूनच्या उत्तरार्धात तुमची पाळी येईल. फक्त तोवर आपण अर्धेच सुरक्षित आहोत असं समजून वागा. पारावरची बैठक अजून नको.

रक्ताच्या गुठळ्यांचा तो मेसेज तुम्ही मला पाठवलात, त्यातला मूळ मुद्दा खोटा नाही. ब्रिटनमध्ये मार्चअखेरपर्यंत या लशीचे दोन कोटींहून जास्त डोस झाले. त्यांत ७९ जणांना प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होण्याचा विचित्र त्रास झाला आणि १९ जण दगावले. हे तिथल्या औषध नियामकांनीच जाहीर केलं, आणि ते लपवलं नाही म्हणून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसतो. ज्यांचा माणूस गेला त्यांना टक्केवारीचं काय करायचं, हेही मला समजतं. पण तुमच्या वयाला कोरोनाचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. आणि अँजिओप्लास्टीनंतरची तुमची अ‍ॅस्पिरिन या गुठळ्यांच्या भीतीनं वाढवू नका, सोडूही नका. दुसऱ्या डोसच्या वेळी नर्सना तेवढं सांगा आणि टोचल्यावर जागा दोन-तीन मिनिटं दाबून धरा.

‘एवढ्या लवकर लस होतेच कशी?’ हा तुमचा लाडका प्रश्न. बाबा, आम्हाला १८९७च्या प्लेगचा धडा तुम्हीच शिकवलात. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या, हे सांगताना तुमचा आवाज भरून यायचा. त्याच्या दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं स्वतः केलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली होती. मुंबईत येऊन त्याला तीन-चार महिनेही झाले नव्हते. पुढे १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिनला निलंबित केलं, त्याची बदनामी झाली. चूक लशीची नव्हती, ती बाटली गावात उघडताना झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. मला या गोष्टीत दोन्ही बाजू दिसतात. लोकांची शंका फुकाची नव्हती, माणसं खरोखर मेली होती. आणि नीट चौकशी झाली म्हणूनच ती लस टिकली आणि पुढे लाखोंना मिळाली. आजच्या लशीसाठीही ऑक्सफर्डची मंडळी चिंपांझीच्या विषाणूच्या त्याच तंत्रावर दुसऱ्या एका कोरोना विषाणूसाठी आधीपासून काम करत होती. चाचण्यांचे टप्पे एकामागून एक न करता एकमेकांत गुंफले, आणि ही लस बनवणाऱ्या सीरम कंपनीनं इथे मांजरीत परवानगीआधीच उत्पादन सुरू करून पैशाचा धोका पत्करला. वेळ तिथे वाचला. दुसऱ्या लशीला, कोव्हॅक्सिनला, मात्र तिसऱ्या टप्प्याचे आकडे येण्याआधीच जानेवारीत परवानगी दिली, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. आकडे मार्चमध्ये आले, चांगले आले, पण क्रम उलटा झाला.

आता औषधांबद्दल. एप्रिलमध्ये आमच्या खिडकीबाहेर रात्रभर माणसं उभी असायची, हातात रेमडेसिव्हिरची चिठ्ठी घेऊन. एक मुलगा बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून सहा बाटल्यांचे पैसे घेऊन आला होता. ‘हे मिळालं की आई वाचेल ना?’ एवढंच विचारत होता. माझ्याकडे इंजेक्शनही नव्हतं आणि उत्तरही. कारण मला माहीत होतं, की जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबरमध्येच त्याची शिफारस न करण्याचं ठरवलं होतं. काही रुग्ण त्यानं थोडे लवकर बरे होतात, पण जीव वाचतो असं मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माचंही तेच. आपल्याच आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं ३९ हॉस्पिटलांत ४६४ रुग्णांवर तपासलं, फायदा दिसला नाही. तरी या सोमवारी कुठे तो उपचारांच्या यादीतून निघाला. मधल्या महिन्यांत किती घरांनी प्लाझ्मासाठी वणवण केली असेल, याचा मला राग येतो.

खरा उपयोग झाला तो डेक्सामेथासोन या स्वस्तातल्या स्टेरॉइडचा. ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या रुग्णांचे मृत्यू त्यानं कमी झाले. पण ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला त्याचा काही उपयोग नाही, अपायच व्हायचा. म्हणून आई, शेजारच्या कुणाच्या चिठ्ठीवरची स्टेरॉइडची गोळी तू घ्यायची नाहीस, मागे खोकल्यात घेतली होतीस तशी. त्यानं साखर भडकते, आणि आता काळी बुरशी येतेय ती बरेचदा अशाच पेशंटना. चेहरा एका बाजूनं दुखला, बधिर झाला, डोळा सुजला, नाकातून काळं आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

डीआरडीओच्या पावडरच्या औषधाची बातमी बाबांनी वादळाआधी कळवली होती. त्याची पहिली खेप सोमवारी बाहेर आली. खरं ठरलं तर मलाही आनंदच होईल. पण चाचण्यांचे सगळे निष्कर्ष अजून कुठे छापून आलेले नाहीत, तेव्हा ते मिळवायच्या मागे लागू नका. काढा घ्या, दिवसातून एकदा, फार तिखट नको, बाबांना पित्त होतं. पण ताप आला तर काढ्यावर दिवस काढायचे नाहीत, तपासणी करायची.

ऑक्सिमीटरचा वापर असा. बोट गरम असू दे, नखाला मेंदी नको. ऑक्सिजनचा आकडा बघा, घरातल्या घरात सहा मिनिटं चाला, पुन्हा बघा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीन-चारानं उतरला, तर ‘उद्या बघू’ नाही. तालुक्याच्या कोविड सेंटरला फोन करा आणि मला करा. गाडी येईपर्यंत पालथं झोपून राहा. त्या वेळी सगळ्यात आधी ऑक्सिजन लागतो, आणि तो वेळेत मिळायला हवा.

मला कशाची आशा आहे ते विचाराल, तर तुमच्या वयाचे पेशंट मार्चपासून लस घेऊ लागलेत, त्याची. ब्रिटनचे ताजे आकडे सांगतात, की या लशीच्या एका डोसनंही मृत्यूचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. विषाणूच्या इकडच्या नव्या प्रकारावर एवढाच परिणाम होईल का, ही काळजी मला आहेच. तरी आजच्या घडीला आपल्या हातात यापेक्षा भरवशाचं दुसरं काही नाही, आणि आईच्या हातात तेही अजून नाही.

आई, टोचून आलीस की वीज आल्यावर फोन कर, वीज नसेल तर ड्रायव्हरदादांबरोबर चिठ्ठी दे. ते पुढच्या आठवड्यात परत पुण्याला येणार आहेत. कौलांसाठी पैसे पाकिटात ठेवलेत. बाबा, तुम्ही स्वतः छपरावर चढायचं नाही.

तुमची,
मेधा