भाडं १ रुपया

प्रिय बाब्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, निळ्या टिका तुला दिसल्या असणार, मान्य. व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिलं असतं पण आपल्या ग्रुपवर पडलेलं हल्ली अर्ध्या तासात शेठच्या फोनवर पोचतं, म्हणून हा मेल. तब्येत बरी, आईचे गुडघे तसेच, माझी शुगर बॉर्डरवर. झालं.

तर आपल्या मंडळाला मालक मिळतोय.

हो, मालकच. ठाण्याचा बिल्डर आहे, आजोळ कणकवलीकडचं म्हणून सांगतो, सगळे त्याला शेठ म्हणतात आणि त्याला ते आवडतं. फुटबॉलमधलं किती कळतं ते विचारू नकोस, प्रॅक्टिस बघायला आला तेव्हा गोलकीपरचा शर्ट वेगळा का असं विचारत होता आणि आपल्या सुन्याने चेहरा सरळ ठेवून 'त्येका थंडी वाजता' म्हणून सांगितलं. पण पीपीटी एक नंबर. अकॅडमी, टर्फ, फ्लडलाईट, केरळचा कोच, पाच वर्षांत आय-लीग. त्यासाठी म्हणे 'स्ट्रक्चर' पाहिजे. म्हणजे टीम एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे जाणार, मंडळाला तिच्यात १० टक्के, आणि मैदानाच्या वापराचा हक्क ९९ वर्षांसाठी कंपनीला. भाडं वर्षाला १ रुपया.

हसलास ना? मला खात्री होती. कमिटीत कोणीच हसलं नाही. दत्ताकाका तर म्हणाले, 'रुपयो तरी कित्याक, फुकट वापरूंदे, लायटी लावता ना?' आणि मी खुर्चीवर बसून तुझा विचार करत होतो, कारण एक पौंड म्हटल्यावर पोटात गोळा येणारी या तालुक्यात दोनच माणसं, त्यातला एक शारजाला.

तुला यातलं सगळं पाठ आहे, तरी परत लिहितोय, कारण सभेत मला हेच बोलायचंय आणि माझी गाडी बोलता बोलता कुठे घसरते ते तुला ठाऊक आहे. सभा मुद्दाम गणपतीत ठेवलीय, गौरी गेल्या की लगेच. मुंबईहून आलेले सगळे आजीव सभासद, मैदान वर्षातून एकदा बघणार तेही रिक्षातून, त्यांना फ्लडलाईट म्हटलं की हात वर.

पहिले रेंजर्स, स्कॉटलंडचा ग्लासगोचा क्लब. २०११ च्या मे महिन्यात क्रेग व्हाइटने तो क्लब १ पौंडाला घेतला आणि वर बँकेचं १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज फेडायचं कबूल केलं. लोक खूष, काय दानत म्हणून. मागाहून कळलं की पैसा त्याचा नव्हताच, क्लबची पुढच्या काही वर्षांची सीझन तिकिटं टिकेटस नावाच्या कंपनीला आगाऊ विकून तो उभा केलेला, म्हणजे जे लोक उद्या स्टँडमध्ये बसणार त्यांच्याच पैशाने आज क्लब घेतला. २०१२ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे, त्याच वर्षी जुनी कंपनी लिक्विडेशनला, म्हणजे गुंडाळायला, आणि टीम नव्या कंपनीच्या नावाने चौथ्या पातळीवर खेळायला लागली. पुढे फ्रॉडची केस झाली आणि २०१७ मध्ये ग्लासगोच्या ज्युरीने व्हाइटला निर्दोष ठरवलं. मला यातलं हेच सगळ्यात जास्त खातं रे. आपल्या लोकांना वाटतं घोटाळा म्हणजे कोणीतरी पेटी फोडून पैसे नेणार, मग आपण त्याला धरणार. इथे सगळं सह्या-शिक्क्यांनिशी होतं आणि सह्या करणारे आपणच असतो.

दुसरं इंग्लंडमधलं बेरी. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप, म्हणजे तिकडची मोठी नॉकआउट स्पर्धा, जिंकलेला. स्टीव्ह डेलने डिसेंबर २०१८ मध्ये घेतला, कितीला? बरोबर, १ पौंड. त्या गावात फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं, म्हणजे आपला शेठ त्या मानाने विद्वान. त्याच्या आधीच्या मालकाच्या काळात मैदानावर कर्जाचा बोजा चढलेला आणि पार्किंगमधल्या जागा एकेक करून गुंतवणूकदारांना विकलेल्या. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने क्लब काढून टाकला. शेठच्या नकाशात पण पार्किंग आहे हं, मैदानापेक्षा मोठं.

आणि तिसरं तुझं पोर्टस्मथ. इथे मी नीट बोलतो, चिडवत नाही, शपथ. २००८ ला एफए कपच्या फायनलला कानूने कार्डिफवर तो एक गोल मारला आणि तू अख्ख्या वाडीत पेढे वाटलेस, अप्पांना वाटलं तुला नोकरी लागली. दोन वर्षांनी त्याच कपच्या फायनलला परत पोर्टस्मथ, पण कर्जात बुडालेलं, ९ पॉइंट कापलेले, प्रीमियर लीगमधून खाली गेलेलं. एका सीझनमध्ये चार मालक! गायदामाक, मग अल फहीम, मग अल फराज, मग चैनराय. अल फराज तर कोणाला मैदानावर दिसलाच नाही, तिथले लोक त्याला 'अल मिराज' म्हणायचे. मालक लायक आहे का हे बघायची टेस्ट इंग्लंडमध्ये २००४ पासून होती, त्यात हे सगळे पास. अल फहीमला पुढे दुबईच्या कोर्टाने पाच वर्षं सुनावली, क्लब घ्यायला स्वतःच्या बायकोचे ५० लाख पौंड चोरले म्हणून. हे २०१८ ला बाहेर आलं तेव्हा तू फोन करून 'आमच्या शेजारचो निघालो रे' म्हणून खिदळत होतास, पण मला आवाजावरून कळलं होतं.

सभेत मला खरं तर एवढंच पटवायचंय की बुडाल्यावर कोण बुडतं. खेळाडूंचे आणि दुसऱ्या क्लबांचे पैसे पुरे द्यायचे असा तिकडचा फुटबॉलचा नियम. पोर्टस्मथ बुडालं तेव्हा बाकीच्यांना पौंडामागे २० पेन्स ठरले, तेही हप्त्याने. त्या बाकीच्यांत सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सवाले पण होते, मॅचला स्ट्रेचर घेऊन उभे राहतात ते. उद्या आपल्याकडे कोण असणार सांग. मांडववाला, सुन्याचा वडापाव, आरोंद्याला पोरं नेणारा टेम्पो. केरळचा कोच आपले घेऊन जाईल.

(२०१० च्या फायनलचा विषय निघालाच आहे तर, तुमच्या बोआटेंगची पेनल्टी माझ्या चेल्सीच्या गोलकीपर चेकने अडवली त्यात माझा काय दोष होता? आमच्या लॅम्पार्डने पण बाहेर मारलीच की. तू प्लॅस्टिकची खुर्ची मोडलीस, मंडळाच्या हिशोबात मी ती 'किरकोळ' खाली घातली, आणि तरी तू पार गणपतीपर्यंत बोलला नाहीस. आरोंद्याच्या मॅचमध्ये मला पेनल्टी मारू दिली नव्हतीस ते मी कधी काढतो का?)

पोरगे म्हणतात काका हे सगळं इंग्लंडचं, आपल्याकडे असं होत नाही. म्हटलं शारदा माहीत आहे का? कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागानला शारदाच्या चिट फंडचा पैसा यायचा. २०१३ ला फंड बुडाला, पुढच्या वर्षी सीबीआयने क्लबांच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत अटका केल्या. पैसा कोणाचा होता? गावागावातल्या बायकांचा, ज्यांनी शंभर-दोनशे करून भरलेला. तुझ्या आत्याचे पतपेढीत गेले तसाच. जर्सीवर नाव बघून लोकांना वाटतं एवढ्या मोठ्या क्लबाने घेतलंय म्हणजे कंपनी चांगली असणार. शेठ पण आधी जर्सीच मागतोय.

आता खरा मुद्दा. करारात त्याला टीम नकोच आहे असा माझा संशय होता, म्हणून मी ड्राफ्ट घरी आणून ओळ न ओळ वाचला. नवव्या कलमात मध्येच एक वाक्य आहे, 'मंडळ सदर जागेचा वापर मूळ मालकांच्या परवानगीने करीत आहे'. बस, एवढंच. सातबारा काढला तर कब्जेदार सदरी अजून जागा देणाऱ्या भाऊ खोतांचे वारस, मंडळ इतर हक्कात, 'खेळाचे मैदान' म्हणून. म्हणजे आपण सही केली की लेखी कबूल केलं की जागा आपली नाही, दिली तर खेळू नायतर घरी जाऊ. आणि शेठ पार्ल्याला खोतांच्या नातवांकडे जाऊन आलाय, हे मला त्याच्याच ड्रायव्हरकडून कळलं, चहा पाजला तेव्हा. मोपाचं विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या पट्ट्यात गुंठ्याचे भाव काय झालेत ते तुला सांगायला नको, तू स्वतः कुडाळला फ्लॅट घेतलास त्याचं कारण तेच. रोडटच, सपाट, चिऱ्याचं कुंपण आयतं. फुटबॉल राहू दे, मला कोणी दिलं तर मी पण रिसॉर्ट बांधीन.

मंडळ पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेलं आहे. जागा ट्रस्टची असेल तर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि बिनशेती जागा तीन वर्षांच्या वर लीजने पण देता येत नाही, शेतजमीन असेल तर दहा. मी हे कमिटीत काढलं तर शेठचा वकील हसून म्हणतो, 'लीज कुठे ओ, वापराचा हक्क आहे'. दत्ताकाका परत, 'मैदान खय पळान जातला?' अरे काका, मैदान नाय पळत, आपणच पळतो.

माझं म्हणणं असं की शेठला हाकलायचं पण नाही. पैसे खरंच नाहीत रे, गेल्या वर्षी नेट पण गोव्याच्या पोरांचं मागून आणलं. टीम चालवू दे, लाईट लावू दे. मैदान आणि नाव मात्र बाहेर ठेवायचं. आणि हे डोकं माझ्या चेल्सीचं आहे, म्हणून तुला झोंबेल. केन बेट्सने १९८२ ला क्लब १ पौंडाला घेतला, हो, आमचा पण एक पौंडच, हसून घे. त्याच्या काळात स्टॅमफर्ड ब्रिज, आमचं मैदान, बिल्डरच्या घशात जाता जाता वाचलं. मग १९९३ ला चेल्सी पिच ओनर्स काढली, फॅन्सनी १०० पौंडाचे शेअर घेतले, १९९७ ला मैदानाची मालकी तिच्याकडे आली, आणि अट अशी की मैदान सोडून गेलात तर चेल्सी हे नाव पण सोडायचं. २०११ ला तेव्हाच्या मालकाने, अब्रामोविचने, ती परत मागितली. अख्खं युरोप विकत घेऊ शकणारा माणूस, पाहिजे होती ७५ टक्के मतं, पडली ६१.६. नाही मिळाली! त्याच माणसाच्या वेळचे व्यवहार, एजंटांना दिलेले पैसे वगैरे, यावरून २०२५ ला एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, क्लबवर ७४ आरोप ठेवले, म्हणजे कप जिंकून देणारा मालक पण आतून काय करतो ते पंधरा वर्षांनी कळतं. आम्हाला कळलं नाही तेव्हा. कळलं असतं तरी आम्ही नाचलोच असतो, हे पण खरं. मैदान तेवढं त्याच्या हातात नव्हतं.

तुझ्या पोर्टस्मथला पण शेवटी तेच अडलेलं ना? २०१३ ला लोकांनी हजार-हजार पौंड काढून क्लब घेतला, पण फ्रॅटन पार्क मैदानावर चैनरायच्या कंपनीचा बोजा, ते मिटलं थेट हायकोर्टात जाऊन. मैदानावर अडतं, बाब्या, सगळीकडे.

बरं तुझं सांग. परीचा दहावीचा निकाल बघितला, तिला माझ्याकडून शाबासकी, सायन्स घेऊ नको म्हणावं, मोकळी राहू दे. नवीन ऑफिस कसं आहे? वहिनींच्या मानेचं काय झालं? तिकीट महाग असणार माहितीय, येणं जमत नसेल तर राहू दे, पण सभेत वाचायला एक पत्र पाठव, तुझ्या सहीचं. तू बोललेलं चाकरमानी ऐकतात, मी इथलाच असल्यामुळे मला कोण विचारतो.

आणि पत्रापेक्षा महत्त्वाचं. भाऊ खोतांनी दानपत्र करून दिलं होतं, वेंगुर्ल्याला रजिस्टर केलेलं, हे अप्पा नेहमी सांगायचे. तुझे अप्पा सेक्रेटरी असताना मंडळाचे सगळे कागद त्यांच्या ट्रंकेत असायचे आणि ती ट्रंक अजून माळ्यावर आहे. मला अख्खा कागद मिळाला नाही तरी चालेल, दस्त नंबर आणि वर्ष मिळालं तर नक्कल काढता येते. काकी मला घरात घेते, चहा देते, पण ट्रंकेचा विषय काढला की 'बाब्याक विचारतंय' म्हणून उठून जाते, अप्पा गेल्यापासून तिने कोणाला हात लावू दिला नाही आणि ते बरोबरच आहे. तर आज रात्रीच तिला फोन कर. मी परवा दुपारी जातो, सुन्याला घेऊन, शिडी त्याच्याकडे आहे. आणि जेवण करू नको म्हणून सांग तिला, आम्ही जेवूनच येऊ.

तुझा,
मन्या

ता. क. शेठला फोनवर मी 'विचार चालू आहे' एवढंच सांगितलंय. तुला फोन आला तर तू पण तेवढंच सांग, पोर्टस्मथचं भाषण सुरू करू नको.