पोरांना माग शिकवणाऱ्या तातांस

तीर्थस्वरूप ताता यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शिबिराच्या समारोपाला तुमचं नाव माईकवरून दोनदा पुकारलं, तेव्हा तुम्ही केव्हाच घरी निघून गेला होतात. ताईंनी शाल-श्रीफळ तयार ठेवलं होतं. (जन्मभर माग चालवलेल्या माणसाला शाल! ताईंना सांगायला हवं.) तुम्ही सत्कार चुकवलात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

मे महिन्यातल्या सोलापुरात दहानंतर पोरांना बाहेर ठेवायची सोय नसते, म्हणून शिबिर सकाळी सातलाच भरायचं. आम्हा पालकांचा हेतू काही फार थोर नव्हता. तेवढा वेळ हातात मोबाईल नको, बस्स. आधी योगासनं. वृक्षासनात एक पोरगं कलंडलं की अख्खी रांग कलंडायची आणि सरांनाच हसू आवरायचं नाही. मग वारली चित्रं. गेरूवर पांढऱ्या रंगात त्रिकोणांची माणसं काढायला आल्यावर आमच्या पोरांनी तारपा नाच बाजूला ठेवला आणि गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची, मिरवणूक काढली, नंदीध्वजाच्या सातही काठ्यांसकट. तो कागद ताईंनी जपून ठेवलाय.

पण आमचे चिरंजीव रमले ते तुमच्यापाशी. हा मुलगा जेवायलासुद्धा एका जागी बसत नाही. तुम्ही त्याला पुठ्ठा दिलात, वर-खाली खाचा पाडून सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, भरायला लावलात आणि सुईत लोकर ओवून दिलीत. एक धागा वरून, एक खालून. पहिल्या दिवशी त्याचा पट्टा मधोमध आवळून डमरूसारखा झाला. बाकी शिबिरांत अशा वेळी ‘व्वा, छान!’ म्हणतात आणि फोटो काढतात. तुम्ही तो त्याच्याकडूनच उसवून घेतलात. आणि मग कारण दाखवलंत: बाणा, म्हणजे आडवा धागा, सरळ ताणून ओढला की कडा आत येतात. तो तिरका, जरा सैल टाकायचा आणि फणीनं खाली बसवायचा. मी दारात उभी होते. ‘मेल्लगा, मेल्लगा’ (हळू, हळू) म्हणत तुम्ही त्याचं मनगट धरलं होतंत. आता घरात कुणी घाई केली की तो हेच म्हणतो, अगदी तुमच्या तेलुगू हेलात.

तुम्ही आणलेला जेकार्डचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचा, जुना भोकांचा पुठ्ठा सगळ्या पोरांनी उन्हाला धरून पाहिला. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, हे ऐकून आमच्याकडे त्याच रात्री चादरींची तपासणी झाली. सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मला पाठ होतं. पण एका बाजूचा लाल मोर उलटा केल्यावर पांढरा का होतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. ते कारण मला मुलानं सांगितलं: दोन थर एकदमच विणतात आणि नक्षीच्या जागी खालचा थर वर येतो. रोज अंगावर घेतो ती चादर, ताता, आणि पूर्व भागातल्या मागांचा खडखडाट ऐकतच आम्ही वाढलो!

योगाच्या सरांनी तुम्हालाही सतरंजीवर बोलावलं होतं. ‘मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तीस वर्षं पावड्या मारल्या, माझी आसनं झाली,’ असं म्हणालात म्हणे. (पावड्या म्हणजे पायानं दाबायच्या मागाच्या पट्ट्या.) हे वाक्य आता आमच्या गल्लीभर झालंय.

ताईंचेही आभार, त्यांनी तुम्हाला घरी जाऊन गळ घातली म्हणून. पुढच्या वर्षी मोठ्या मुलांना खराखुरा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) हातात द्यायचा त्यांचा विचार आहे. लाकडी हातमाग ठेवायला आमच्या वाड्यातली पुढची खोली रिकामी आहे. उंची पुरते का, ते तुम्ही येऊन बघा.

सोबत शेंगाचटणी पाठवतेय. तिखट बेतानंच घातलंय, तुमच्या पथ्याचं ताईंकडून कळलं.

आपली,
डमरूवाल्याची आई