शाकारणी पावसाआधी, चुना दिवाळीनंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाईजवळचे मेणवली गाव नाना फडणविसांना १७६८ साली इनाम मिळाले. भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी ते दिले. नानांनी तिथे वस्ती वाढवली, कृष्णेवर घाट बांधला, विष्णू आणि मेणवलेश्वर यांची देवळे उभी केली आणि सहा चौकांचा वाडा बांधला. पर्यटक वाढले, चित्रीकरणे झाली, तशी अशा वाड्यांना मदत करण्याची इच्छाही वाढली आहे. तिचे स्वागतच आहे. मात्र ही मदत बहुतेक वेळा सिमेंटची पोती आणि ऑइलपेंटचे डबे घेऊन येते आणि चार-पाच पावसाळ्यांत वाड्याची आधीपेक्षा वाईट दशा होते. म्हणून गावोगावचे वाडेमालक, ग्रामस्थ आणि देणगीदार यांच्यासाठी हे पत्र.

आधी पाणी, मग बाकी सगळे. चौसोपी वाड्यात प्रत्येक चौकाला आतले चार कोपरे असतात. तिथे दोन पाखी (छपराचे उतार) मिळतात आणि दोन्हींचे पाणी एकाच पन्हळीत उतरते. सहा चौक म्हणजे अशा चोवीस जागा, आणि वाडा गळायला लागतो तो बहुधा इथूनच. वडा-पिंपळाचा पाला पन्हळीत अडकतो, पाणी कडेवरून कौलांखाली शिरते आणि वाशाच्या टोकाशी मुरत राहते. मेच्या मध्यापर्यंत शाकारणी (कौलारू छपराची दुरुस्ती) उरकायला हवी. कौले उतरवून झाडावीत, फुटकी काढावीत, कौलांखालच्या कुजलेल्या रिपा (लाकडी पट्ट्या) बदलाव्यात. पन्हळीचा पत्रा जोडताना एकावर एक किमान सहा इंच चढवावा, त्याहून कमी ठेवला तर वाऱ्याच्या पावसात पाणी उलटे चढते. माकडांनी सरकवलेली कौले श्रावणापर्यंत तशीच राहतात, म्हणून पहिल्या जोराच्या पावसानंतर माळ्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारावीच. ओला डाग तेव्हाच दिसतो, वाळल्यावर जागा सापडत नाही.

त्यानंतर चौकातली मोरी. बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात बाहेर पडते ते पाहावे. तोंड तुंबले असेल तर पाणी जोत्याखाली मुरते आणि भिंत ते वर ओढून घेते. चौकात सरसकट फरशी किंवा काँक्रीट केले की हेच होते, कारण पूर्वी जमिनीतून उडून जाणारी ओल आता भिंतीतूनच वाट काढते.

सिमेंटचा दोष इथेच आहे. या भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जोत्यापर्यंत दगडी, वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असतात. त्यांच्यात ओल येणारच, आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेरही पडते. सिमेंटचा गिलावा ती कोंडतो. मग ओल आणखी वर चढते, तिच्यातले क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात. भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवले की बद्द आवाज येतो. पुढे गिलावा सुटतो तो विटेचा पुढचा पापुद्रा घेऊनच. ही झीज भरून निघत नाही.

चुन्याचे काम अवघड नाही, पण त्याला दिवस द्यावे लागतात. कळीचा चुना भरपूर पाण्यात विझवावा, गाळावा आणि किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवावा. घाईत वापरला तर न विझलेले खडे भिंतीत फुलतात आणि गिलाव्यावर फोड येतात. एक भाग चुना, दीड भाग धुतलेली वाळू आणि अर्धा भाग सुरखी (विटांची भुकटी) हे प्रमाण साधारण ठीक बसते. सुरखीसाठी कमी भाजलेली वीट घ्यावी. जळून काळी पडलेली वीट चुन्याशी धरत नाही. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायची पद्धत आहे, पण जास्त गूळ झाला की बुरशी आणि मुंग्या येतात, तेव्हा हात आखडता ठेवावा. एका थराची जाडी अर्ध्या इंचाहून जास्त नको. वर ओली पोती धरून आठ-दहा दिवस ओलावा टिकवावा. हे सगळे दिवाळीनंतर करावे. चैत्रातल्या उन्हात गिलावा तडकतो आणि पावसाळ्यात वाळतच नाही.

लाकडाकडे पाहायचे ते तुळईच्या टोकाकडे. मधला भाग ठणठणीत दिसतो, पण भिंतीत गेलेले वीतभर टोक आतून भुसा झालेले असते. स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. चांगल्या सागात तो जेमतेम रुततो, कुजलेल्यात बोटभर सहज जातो. अशा वेळी पूर्ण तुळई बदलायची गरज नाही. खाली टेकू देऊन कुजका भाग कापावा आणि जुन्याच सागाचा तुकडा सांधावा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवावी. भिंतीत बसवताना टोकाभोवती दोन बोटे मोकळी जागा सोडावी. ती सिमेंटने भरली की नवे टोकही त्याच वाटेने जाते. खांबाच्या दगडी तळखड्याभोवती फरशीची पातळी चढवू नये, नाहीतर खांबाचा तळ पाण्यात उभा राहतो.

मेणवलीच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. अशी चित्रे ओल्या फडक्याने पुसू नयेत, त्यांच्यावर वॉर्निश मारू नये, त्या भिंतीत वायरिंगसाठी खाचा मारू नयेत. प्रशिक्षित माणूस मिळेपर्यंत चित्राला हात न लावणे हीच त्याची देखभाल. त्या भिंतीच्या मागच्या बाजूलाही सिमेंट नको, ओल चित्राकडे ढकलली जाते.

घाटावरचे पिंपळ उपटू नयेत. मूळ ओढले की सांध्यातले दगड हलतात. रोप करवतीने कापावे, उरलेला खुंट मरेल असे पाहावे आणि मूळ वाळल्यावर सांधा चुन्याने भरावा. घाटावर वसईच्या विजयात, १७३९ मध्ये मिळालेली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर माता मेरी व बालयेशूची आकृती आणि १७०७ हे साल आहे. उत्साहाच्या भरात ती चिंच-रांगोळीने घासू नये, उठावाचे काम झिजते.

अंदाजपत्रक करणाऱ्यांना एक विनंती. त्यात सिमेंट गिलाव्याची बाब न धरता चुन्याची धरावी, चुना मुरवण्याचे दिवस मुदतीत मोजावेत आणि दरवर्षीच्या शाकारणीसाठी वेगळी रक्कम ठेवावी. देणगीदारांनीही एकदाच मोठी रक्कम देऊन पाटी लावण्याऐवजी ही वार्षिक रक्कम उचलली, तर वाड्याला तिचा जास्त उपयोग होईल. यंदाच्या शाकारणीला अजून थोडे दिवस हाताशी आहेत.

आपले,
जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणारे काही गवंडी, सुतार व वास्तुविशारद,
वाई परिसर