पेव नव्हे, खोली

ती. नाना आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. चिमीचा खोकला गेला. परवा फोनवर आई म्हणाली, "आम्हाला काय धान्याच्या पेवात झोपवतोस का रे?" तेव्हा मीही हसलो, पण फोन ठेवल्यावर वाटलं, तुमच्यासाठी तळघरात खोली करायलोय ती कशी, हे लिहूनच कळवावं. बारकी वाचून दाखवील.

इथं मिनेसोटात हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून घराचा पाया निदान साडेतीन फूट खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच, तर अजून थोडं खणून खाली एक मजलाच काढतात. आमच्या खालच्या मजल्यावर घर तापवायची भट्टी, धुण्याचं मशीन आणि आईच्या शेवयांचे रिकामे डबे, एवढंच होतं. त्यातल्या कोपऱ्यात आता तुमची खोली करायलोय, बारा बाय अकरा.

खिडकीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण मीच चार दिवस चक्रावलो होतो. ज्या खोलीतून आग लागल्यावर थेट बाहेर पडता येत नाही, तिला इथं झोपायची खोली म्हणताच येत नाही. कॉट टाका, गादी टाका, कागदावर ती अडगळच. म्हणून खिडकी उघडल्यावर किमान ५.७ चौरस फूट मोकळी जागा हवी, तिची खालची कड फरशीपासून ४४ इंचांच्या वर नको. कारण काय, तर तुम्हाला बाहेर पडता यावं आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेल्या आगवाल्याला आत शिरता यावं. आता जमिनीच्या खाली खिडकी म्हटल्यावर उघडणार कुठं? तर घराबाहेर खिडकीसमोर विहिरीसारखा खड्डा खणायचा आणि तो खोल असला तर त्यात कायमची शिडी ठोकायची. म्हणजे आधी खड्डा, मग खिडकी, आणि तिच्यातून दिसतं काय, तर खड्डा! सूनबाई म्हणते, एवढ्या पैशात काश्मीर झालं असतं.

पण आई, किल्लारीच्या भूकंपानंतर तू दोन महिने घरात झोपली नाहीस. १९९३ साली मी लहान होतो, मला तुझा पदर आणि डोक्यावरची ताडपत्री एवढंच आठवतं. म्हणून मला ती खिडकी पटली. भिंतीही दगडमातीच्या नाहीत, बाहेरून काँक्रीट, आतून लाकडी चौकट आणि जिप्सम बोर्ड.

पेवाचंही ऐका. पेव उघडलं की नाना आधी कंदील सोडायचे, तो विझला तर कुणाला उतरू द्यायचे नाहीत. इथल्या जमिनीतूनही रेडॉन नावाचा वायू येतो, वास नाही, रंग नाही. त्यासाठी कंदील चालत नाही, तपासणीची डबी मिळते. आकडा चार किंवा वर आला तर पाइप आणि पंखा लावून वायू छतावरून बाहेर काढायचा. आपला १.८ आला. आता तरी निवांत?

नाना, हिशेब. ठेकेदारानं ३१ हजार डॉलर सांगितले. त्याचे रुपये करू नका, उगं बीपी वाढेल. काँक्रीट कापून खिडकी बसवायचं काम तेवढं माणसं लावून केलं, ४,८०० गेले. बाकी लाकूड, फोम, वायरिंग, बोर्ड, फरशी, दार, परवाना मिळून ५,२५० धरले. वर तुमच्यासारखे दहाला दीड जास्तीचे धरले, कारण "अंदाज हा हसवायलाच असतो" हे तुमचंच. एकूण साडेअकरा हजार. तुमच्यासारखीच लाल चोपडी केली आहे, फक्त पावत्या डकवून.

जास्तीचे लागलेच. तारा तपासायला निरीक्षक यायच्या आत मी उत्साहानं दोन बोर्ड ठोकले. तो आला, बघितलं आणि म्हणाला, काढा. स्क्रू काढताना एक बोर्ड मधोमध चिरला, एक रविवार वाया. बोटाची पट्टी दिसली ना फोनवर, ती खरचटल्याची. टाके नाहीत, चिमीची शपथ.

आता मुख्य. बारकीच्या लग्नासाठी पाच लाख दिवाळीआधी देतो म्हणालो होतो. तीन या महिन्यात पाठवतो, उरलेले दोन जानेवारीत. उदगीरच्या पाव्हण्यांना तारीख तुळशीच्या लग्नानंतरचीच द्या, मी येतोय, पण बाराच दिवस रजा आहे. बारकी, रागावू नकोस, हळदीला असणारच.

मागच्या खोलीचे पत्रे गेल्या वर्षीच बदलायचं बोललो होतो. ताईनं सांगितलं, अजून घमेलं ठेवता. इथं मी खोली बांधायलोय आणि तिथं... असो. सोयाबीनच्या पैशाला त्यासाठी हात लावू नका. पत्र्याचे वेगळे पाठवतो.

चिमीचा आजी-आजोबांना नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. – आई, खिडकी दक्षिणेच्या भिंतीत आली. दक्षिणेकडं पाय नकोत म्हणजे डोकं खिडकीखालीच येणार. थंडीत गारवा लागेल का, की कॉट आडवी टाकू? शनिवारच्या आत कळव, प्लगची जागा त्यावर ठरायचीय.